पऱ्हाटीचा कोळसा आणि नवा माठ

पहिल्या वर्षी मी मातीत घालायला पऱ्हाटीचा, म्हणजे वाळक्या कापसाच्या झाडांचा, कोळसा केला आणि तसाच कोरडा, खडखडीत, हळदीच्या सहा वाफ्यांत टाकून दिला. महिन्याभरात ते सहाच्या सहा वाफे पिवळे. बाजूचे हिरवेगार आणि मधला पट्टा कावीळ झाल्यासारखा. सासूबाई बांधावर उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "नवा माठ आणला की आधी तोच पाणी पितो वं बाई. तुला प्यायला मिळंल का?"

या कोळशाच्या एका दिवसाच्या प्रशिक्षणात मला जे नीट कळलं नव्हतं, ते तेवढ्या एका वाक्यात कळलं. ताजा कोळसा म्हणजे कोरा माठ. त्याच्या अंगात लाखो बारीक भोकं असतात. ती रिकामी असली की आजूबाजूचा नत्र आणि ओलावा आधी स्वतःकडे ओढतो, पिकाला उरेल ते उरेल. तीच भोकं आधी शेणखत-जिवाणूंनी भरून दिली तर उलटं होतं. म्हणून पुढचं सगळं लिहिणं कोळसा करण्याबद्दल कमी आणि तो भरण्याबद्दल जास्त आहे. लोक पहिल्यावर अडतात आणि दुसरं सोडून देतात.

आमची जमीन उमरखेड तालुक्यात, पैनगंगेच्या अलीकडे. तीन एकर काळी, वरचा दीड एकर मुरमाड. काळीत कापूस आणि तूर, मुरमाडीत ठिबकवर अर्धा एकर हळद, उरलेल्यात सोयाबीन. हे आधीच सांगते, कारण कोळसा कुठे टाकायचा आणि कुठे नाही हे जमिनीवर ठरतं.

आधी मातीचा कागद काढा

माती परीक्षणाचा कागद घरात कुठेतरी पडलेला असतोच, तो शोधा. त्यात सामू, म्हणजे मातीचा आम्ल-अल्कपणा (पीएच), बघा. कोळसा स्वतः अल्कधर्मी असतो, राखेसारखा. आमच्या काळ्या रानाचा सामू 8.3 आहे आणि चुनखडीही आहे. असल्या जमिनीत लोह आणि जस्त आधीच अडकून बसलेलं असतं, त्यात कोळसा ओतला तर भर पडते ती दुखण्यात. काळीत मी दोन वर्षं कापसाच्या ओळींना थोडा थोडा देऊन बघितला. खरं सांगते, डोळ्यांना काही फरक दिसला नाही. आता काळीत टाकत नाही.

मुरमाडीचा सामू 7.1. पाणी दिलं की तासाभरात खाली जातं, खत टाकलं की तेही पाण्याबरोबर जातं. कोळशाचं काम तिथे आहे. आणि ज्यांची जमीन आम्लधर्मी आहे, कोकणातली जांभ्याची, घाटावरची तांबडी, त्यांना तर दुहेरी फायदा, कारण तिथे सामू वर यायलाच हवा असतो. माझी मोठी मुलगी रत्नागिरीकडे दिली आहे. तिकडे भाताच्या तुसाचा काळा कोळसा भातगिरणीवर मिळतो, ती तोच परसातल्या माडांना शेणखतात मुरवून घालते. तिला खड्ड्याची कटकटच नाही.

दक्षिण अमेरिकेत ॲमेझॉनच्या जंगलात जुन्या वस्त्यांच्या जागी अशीच काळीभोर माती सापडते. तिथल्या माणसांनी शेकडो वर्षं चुलीतला कोळसा, हाडं, खरकटं, मातीची फुटकी भांडी एकाच जागी टाकली आणि आजूबाजूच्या निकस जमिनीत तेवढे तुकडे सकस राहिले. प्रशिक्षणात हे ऐकताना मला आमची गावखरी आठवली. गावाला लागून असलेलं शेत नेहमीच जास्त पिकतं, ते काही उगाच नाही. उकिरडा, चूल, गोठा, सगळं तिथेच जिरत आलंय.

खड्डा आणि जाळ

कापसाच्या शेवटच्या वेचणीनंतर पऱ्हाट्या उपटायच्या. जानेवारी उजाडायच्या आत रान मोकळं केलेलं बरं, फरदडीच्या, म्हणजे तेच पीक पुढे लांबवायच्या, लोभात पडू नये. गुलाबी बोंडअळी वाळलेल्या बोंडांत आणि कवड्यांत दडून बसते. पऱ्हाट्यांच्या गंजी बांधावर उन्हाळाभर रचून ठेवल्या की पुढच्या हंगामाच्या अळीचं बियाणं आपणच सांभाळल्यासारखं होतं. कोळशाने आमचा तो प्रश्न मिटला. बोंडासकट पऱ्हाटी खड्ड्यात जाते, अळीही जाते.

उपटल्यावर मुळांची माती झटकून पंधरा-वीस दिवस वाळू द्यायची. काडी वाकवली तर नुसती वाकता कामा नये, कटकन मोडायला हवी. ओलसर असली की धूर होतो, आणि धूर झाला की कोळसा डांबरट होतो. तुराट्या चालतात, वेडी बाभूळ चालते, मक्याच्या कणसाचे दाणे काढलेले खुंट तर फार छान. मल्चिंगचा प्लास्टिक कागद आणि ठिबकच्या नळ्यांचे तुकडे मात्र वेचून बाजूला काढा, चुकूनही आत जाऊ देऊ नका.

खड्डा ओल्या जमिनीत नको, झाडाखाली नको, शेजाऱ्याच्या उभ्या गव्हाजवळ तर नकोच. वर पाच फूट रुंद, तळाला दोन फूट, खोल अडीच फूट. कुंड्यासारखा निमुळता. बाजू चोपून गुळगुळीत करायच्या. असा एक खड्डा भरायला चार-साडेचार क्विंटल पऱ्हाटी लागते. एकराला साधारण टनभर वाळकी पऱ्हाटी निघते, म्हणजे एकराचं काम सव्वादोन-अडीच खड्ड्यांत होतं. वजनाला चौथा-पाचवा हिस्सा कोळसा मिळतो. एकरातून दोन-सव्वादोन क्विंटल धरा. त्याहून जास्त सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

जाळायची पद्धत चुलीच्या उलटी. चुलीत आपण खालून पेटवतो. इथे तळाला काड्यांचा फूटभर ढीग उभा-आडवा रचायचा आणि आग त्याच्या डोक्यावर लावायची. जाळ वरून खाली उतरतो, खालून निघणारा धूर त्या जाळातच जळून जातो. ढीग बसला की त्यावर काड्यांचा एक पातळ थर, सगळीकडे सारखा. मग थांबायचं. खरी कला या थांबण्यात आहे. वरच्या काड्यांवर पांढऱ्या राखेची साय धरायला लागली की लगेच पुढचा थर. आधी टाकलात तर धूर येतो, उशीर केलात तर कोळशाची राख होते. वरचा जाळ म्हणजे खालच्या कोळशावरचं झाकण आहे, तो हवा खाली जाऊ देत नाही. झाकण सतत राहायला हवं.

दोन माणसं लागतात, एक काड्या देणारं आणि एक टाकणारं. चार तास जातात. सकाळी सहाला सुरू करायचं, वारा उठायच्या आत संपवायचं. सुती साडी, पदर घट्ट खोचलेला, डोक्याला ओला रुमाल. नायलॉनची साडी नेसून जाळाजवळ जाऊ नका. जाऊबाईंच्या निऱ्यांना ठिणगीने दोन भोकं पडली तेव्हापासून आम्ही दोघींनी जुन्या सुती साड्या फक्त या कामाला ठेवल्या आहेत.

खड्डा काठोकाठ आला की शेवटच्या थराचा जाळ पडायची वाट बघायची, आणि पाणी. दोनशे लिटरची तीन पिंपं आधीच भरून ठेवा, मग धावपळ नको. पाणी ओतताना बाजूला उभं राहा, वाफ तोंडावर येते. चर्रर्र आवाज थांबला तरी काम झालं असं समजू नका. फावड्याने उलथा, पुन्हा पाणी. माझ्या हातून इथेच घोळ झाला. दुसऱ्या वर्षी वरून गार दिसलेला कोळसा मी संध्याकाळी पोत्यात भरला आणि गोठ्याच्या भिंतीला लावून ठेवला. रात्री दोनला म्हैस हंबरायला लागली म्हणून उठले, तर पोतं आतून लाल. कडबा हाताच्या अंतरावर होता. आता एक रात्र खड्ड्यातच ठेवते, दुसऱ्या दिवशी पसरून हात घालून बघते, मगच पोत्यात.

चांगला कोळसा ओळखायला सोपा. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की काचेसारखी किणकिण येते. ओला करून बोटांवर चोळा. नुसत्या पाण्याने बोटं धुतली गेली तर कोळसा पुरता झालाय. साबण लागला, किंवा डांबराचा वास आला, तर तो अर्धाकच्चा. तो बाजूला काढायचा आणि पुढच्या खड्ड्यात वरून टाकायचा. त्यानंतर ओलसर असतानाच पोत्यात घालून मोगरीने कुटायचा, हरभऱ्याएवढे-ज्वारीएवढे तुकडे व्हायला हवेत. कोरडा कुटला तर धूळ नाकातोंडात जाते, ती छातीला वाईट.

माठ भरायचा

कोळसा जानेवारी-फेब्रुवारीत होतो, पण मुरवायचं काम मी मे महिन्यात करते, हळद लावायच्या महिनाभर आधी. जागा गोठ्यामागच्या आंब्याखाली. आमच्याकडे मे म्हणजे 44-45 अंश, उन्हात ठेवलेला ढीग दोन दिवसांत वाळून कोरडा होतो आणि त्यातले जिवाणूही संपतात.

माझं प्रमाण असं. दोन क्विंटल कोळशाला चार क्विंटल पूर्ण कुजलेलं शेणखत. दोन्हीचे थर एकावर एक द्यायचे आणि प्रत्येक थरावर जीवामृत शिंपडायचं. जीवामृत सगळ्यांना माहीत असतं, तरी सांगते: 200 लिटर पाण्यात 10 किलो ताजं शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. पिंप सावलीत ठेवून दोन दिवस सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचं. आठवड्याच्या आत संपवायचं, पुढे ते नासतं. एक पिंप एकदम ओतू नका, कोळसा हळूहळू पितो. मूठभर मिश्रण घट्ट दाबलं की गोळा व्हावा, बोटांतून पाणी मात्र गळू नये. लाडू वळता येईल इतपत म्हणा.

वरून ओलं गोणपाट. पाच-सहा दिवसांनी फावड्याने वरचं खाली, खालचं वर. शेणखत थोडं कच्चं असेल तर ढीग तापतो. कोपरापर्यंत हात आत घाला, चटका बसला तर अजून थांबा. विकतचे जिवाणू अशा तापलेल्या ढिगात टाकणं म्हणजे पैसे जाळणं. मी दोन आठवडे जीवामृतावरच काढते. ढीग अंगाला गार लागला की तिसऱ्या आठवड्यात बाकीचे: ॲझोटोबॅक्टर अर्धा लिटर, स्फुरद विरघळवणारे जिवाणू, म्हणजे पीएसबी, अर्धा लिटर, ट्रायकोडर्मा भुकटी दोन किलो. बादलीभर पाण्यात मूठभर गूळ विरघळवून त्यात ते कालवायचं आणि संध्याकाळी ढिगावर शिंपडायचं. पुन्हा झाकण, आणखी आठ दिवस.

कोण काय करतं तेही समजून घ्या, नाहीतर दुकानदार जे देईल ते घ्याल. ॲझोटोबॅक्टर हवेतला नत्र धरतो. पीएसबी मातीत अडकलेलं स्फुरद मोकळं करतो. आमच्यासारख्या चुनखडीच्या भागात डीएपीमधलं बरंच स्फुरद मातीतच अडकून राहतं, त्यामुळे पीएसबीला इथे काम भरपूर. ट्रायकोडर्मा ही बुरशीच, पण कंदकुज आणि मूळकुज करणाऱ्या बुरशीला खाणारी, म्हणून हळदीला ती सोडायची नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं बायोमिक्स मिळालं तर तेही चालतं, आमच्याकडचे हळदवाले ते आणायला मुद्दाम परभणीची फेरी मारतात.

रायझोबियम, म्हणजे शेंगांच्या पिकाच्या मुळांवर गाठी करून नत्र देणारे जिवाणू, या ढिगात घालू नका. त्याची जागा बियाण्यावर. आणि सगळ्या पिकांना एकच रायझोबियम चालत नाही, सोयाबीनचं पाकीट हरभऱ्याला चालत नाही. दहा किलो बियाण्याला 250 ग्रॅम, गुळाच्या पाण्यात कालवून हलक्या हाताने चोळायचं, सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरायचं. बुरशीनाशक लावणार असाल तर ते आधी, जिवाणू सर्वांत शेवटी. गंमत म्हणजे त्या पाकिटातली काळी भुकटी बहुतेकदा लिग्नाइट कोळशाचीच असते. म्हणजे कोळशात जिवाणू नांदतात हे कारखानदारांना आपल्या आधीपासून ठाऊक होतं.

पेरल्यावर पाच-सहा आठवड्यांनी सोयाबीनचं एक झाड मुळासकट अलगद उपटा, मुळांवरची गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल असेल तर रायझोबियम कामाला आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही.

पाकीट जिवंत आहे का

ही माझी जुनी तक्रार. एकदा भर मे महिन्यात एका दुकानातून ट्रायकोडर्मा आणली. खोकं पत्र्याखाली, उन्हाच्या तिरीपीत पडलेलं, मुदत मात्र छापलेली पुढच्या वर्षाची. कागदावर जिवंत, आतून मेलेली. कंद कुजले तेव्हा कळलं. तेव्हापासून मी भातावर परीक्षा घेते. मूठभर भात मऊ शिजवून गार करायचा, दोन वाट्यांत घालायचा. एका वाटीत चिमूटभर भुकटी कालवायची, दुसरीत काही नाही. दोन्हींवर स्वच्छ फडकं, आणि सावलीत. चार-पाच दिवसांत भुकटीच्या वाटीत आधी पांढरं, मग हिरवं मखमली जाळं सगळीकडे सारखं पसरलं तर माल चांगला. दोन्ही वाट्यांत तसलीच बुरशी आली तर ती घरातली, परीक्षा पुन्हा घ्या. काहीच आलं नाही तर पाकीट परत न्या. दुकानदार वाद घालेल. वाटी सोबत न्या.

आणल्यावरही पाकीट माठाशेजारी, गार जागी. रासायनिक खताच्या पोत्यावर ठेवू नका आणि त्याच्यात मिसळू तर मुळीच नका.

रानात देताना

ढिगाला आता जंगलातल्या पहिल्या पावसासारखा वास यायला हवा. अमोनियाचा उग्र वास येत असेल तर अजून आठ दिवस. मी रानात न्यायच्या आधी दोन कुंड्यांत मेथी टाकून बघते, एकीत नुसती माती, दुसरीत मातीत चौथा हिस्सा मिश्रण. सहा दिवसांत दोन्हीकडे सारखी उगवली की निर्धास्त.

शास्त्रज्ञांच्या प्रयोगांत हेक्टरी पाच-दहा टन कोळसा टाकलेला असतो. आपल्याकडे एवढा येणार कुठून? म्हणून रानभर विस्कटायचाच नाही, मुळाशी द्यायचा. मी गुंठ्याला 30 किलो मिश्रण देते, त्यात 10 किलो कोळसा. अर्ध्या एकराच्या हळदीला एका एकराची पऱ्हाटी बरोबर पुरते. गादीवाफ्यावर चार-पाच इंच खोल चरी ओढायची, मिश्रणाचा पट्टा, त्यावर दोन बोटं माती, मग बेणं, मग झाकायचं. ठिबकची नळी त्याच ओळीवरून. फळझाडाला द्यायचं असेल तर खोडाशी नको, फांद्यांची सावली जिथे संपते तिथे गोल चर काढून त्यात.

कोळसा मातीत वर्षानुवर्षं टिकतो, त्यामुळे दर वर्षी त्याच वाफ्यात द्यायची गरज नाही. मी मुरमाडीचा एक-एक पट्टा घेत पुढे सरकते. जिवाणूंचं मात्र तसं नाही. त्यांना दर हंगामाला शेणखत, पालापाचोळा, काहीतरी खायला लागतं. कोळसा त्यांना राहायला जागा देतो, जेवायला वाढत नाही. आणि यामुळे खताची मात्रा एकदम अर्धी करा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. मी तीन वर्षांत युरिया थोडा थोडा कमी केला, पानाचा रंग बघत.

फरक पडतो का, तर मी चार वाफे मुद्दाम कोरे सोडते. 2023 च्या ऑगस्टात पाऊस जवळजवळ महिनाभर गायब होता, त्यात आमची मोटर आठ दिवस जळालेली. हळदीला पाणी कमी पडलं की पान सुरळीसारखं वळतं. कोऱ्या वाफ्यांतली पानं तिसऱ्या दिवशी सकाळी दहालाच वळायला लागली. कोळशाच्या वाफ्यांत ती दुपारी वळायची, संध्याकाळी परत उघडायची, आणि हे सहाव्या दिवसापर्यंत चाललं. मोटर दुरुस्त होऊन आली तोवर ते वाफे तगले. काढणीला त्या वाफ्यांतले गड्डे थोडे भरदार होते, पण मी ते वेगळे मोजले नाहीत, मजूर एकाच ढिगात टाकत गेले. या वर्षी वेगळी पोती करणार आहे.

खड्डा बुजवू नका, पुढच्या वर्षी कामाला येतो. पावसाळ्याच्या आधी त्यावर जुना पत्रा आणि चार दगड ठेवा. आमचा गेल्या आषाढात उघडा राहिला आणि दिरांची कालवड त्यात उतरली. गुडघाभर काळ्या पाण्यात उभी. चौघांनी मिळून काढली, आणि काढेपर्यंत चौघांचे कपडे धुवायच्या लायकीचे राहिले नाहीत.